रांगेतला वाद

२० मे २०२४, सोमवार. लोकसभा निवडणुकीचा पाचवा टप्पा, महाराष्ट्रापुरता शेवटचा. मुंबईच्या सहाही जागांचं मतदान त्याच दिवशी. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आलेली, त्यामुळे ज्यांना जमलं ते लोणावळ्याला नाहीतर अलिबागला निघून गेले होते. उरलेले आम्ही जोगेश्वरी पूर्वेला एका शाळेबाहेर घामाने निथळत उभे होतो. मतदारसंघ मुंबई उत्तर पश्चिम. जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा आणि दोन्ही अंधेरी मिळून तो होतो.

माझ्यापुढे पुरुषांच्या रांगेत भाचा आणि शेजारच्या बायकांच्या रांगेत आत्या. आत्या आमच्या सगळ्या बिल्डिंगचीच आत्या. सत्तरी कधीच ओलांडलेली, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली आणि नोकरीत असताना कितीतरी निवडणुकांची ड्युटी केलेली. भाचा तिच्याकडेच राहतो. मालाडला एका कंपनीत तो ‘प्रोसेस’ सुधारायचं काम करतो. म्हणजे नेमकं काय करतो, हे आत्याला अजून कळलेलं नाही. मलाही नाही. आत्याच्या पुढे टेकडीवरच्या वस्तीतल्या मावशी. आमच्या बिल्डिंगमधल्या चार घरची धुणीभांडी त्यांच्याकडे आहेत. (माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून मी ती थोडी बदलली आहेत, थोडी रचली आहेत. रांग रचावी लागली नाही.)

आत्याने सुरुवातीलाच बजावून ठेवलं होतं, ‘शंभर मीटरच्या आत आहोत. पक्षाचं नाव नाही, चिन्हाचं नाव नाही.’ असं बंधन घातलं की राजकारणावरचा वाद बराच सुधारतो, असं माझं मत झालं आहे.

भाचा : आत्या, ज्येष्ठांना रांग नाहीये. तू पुढे जा ना.

आत्या : गेले असते. पण मी आत गेले की तू घरी जाशील.

भाचा : जाणारच आहे. अगं, साधा हिशेब कर. सात ते सहा म्हणजे ११ तास, ६६० मिनिटं. एका केंद्रावर बाराशे नावं धर. सगळे आले तर माणशी अर्ध्या मिनिटाच्या जरा वर वेळ मिळतो. आत्ता मी बघतोय, एकेकाला दीड मिनिट लागतंय. या वेगाने दिवसभरात ४४० माणसं होतील. म्हणजे सगळे येणारच नाहीत हे धरूनच ही व्यवस्था उभी केलीय. मी आलो नाही तर तिला मदतच होते.

आत्या : आत काय चालतं ते माहीत आहे का? पहिला अधिकारी तुझं नाव शोधतो आणि मोठ्याने वाचतो, कारण समोर सगळ्यांचे पोलिंग एजंट बसलेले असतात. हा माणूस तो नव्हेच, असं कुणाला म्हणायचं असेल तर तेव्हाच म्हणायचं. दुसरा शाई लावतो, रजिस्टरमध्ये सही घेतो, चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन त्याच्याकडच्या यंत्राचं बटण दाबतो, तेव्हा कुठे तुझ्या पुढ्यातलं यंत्र जागं होतं. मग तू दाबायचंस. शेजारच्या काचेत कागद सात सेकंद दिसतो आणि खाली पडतो. यातली कुठली पायरी काढू, सांग.

भाचा : पायरी काढू नका, टेबलं वाढवा.

आत्या : ते मात्र बरोबर बोललास. पण सहाला जो रांगेत असेल त्याला मत देऊ देतात. शेवटच्या माणसापासून सुरुवात करून चिठ्ठ्या वाटतात, म्हणजे मागून कुणी घुसायला नको. मग रात्रीचे नऊ वाजोत की दहा.

भाचा : म्हणजे सगळ्या अडचणींवर तुमचा उपाय एकच. माणसाने उभं राहायचं.

आत्या : तुझ्या कंपनीत वेगळं काय करतात?

भाच्याचा हिशेब हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या दिवशी मुंबईत ठिकठिकाणी हीच तक्रार होती : मतदान संथ, डोक्यावर सावली नाही, पंखा नाही, प्यायला पाणी कुठे ते कुणी सांगत नाही. कंटाळून परतणारी माणसं आमच्याही डोळ्यांदेखत गेली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी मुंबईकरांच्या उदासीनतेवर अग्रलेख लिहायचे, हे ठरलेलंच असतं. उदासीन कोण आणि उन्हाने हाकललेला कोण, हे टक्केवारीतून कळत नाही.

भाचा आता मूळ मुद्द्यावर आला.

भाचा : आपल्या मतदारसंघात सतरा लाखांवर नावं आहेत. माझ्या मताने निकाल फिरायचा असेल तर बाकी सगळ्यांची मतं बरोब्बर समसमान पडायला हवीत. तसं होणार नाही. माझ्या मताची किंमत शून्य नाही म्हणत, पण शून्याच्या इतकी जवळ आहे की या उन्हात उभं राहण्याइतकी नक्कीच नाही.

आत्या : तुझं गणित मीच घेतलं, त्याचा आता पश्चात्ताप होतोय.

भाचा : चूक दाखव ना मग.

आत्या : गणित बरोबर आहे. पण मत म्हणजे निकाल फिरवायचा दांडका, असं तुला सांगितलं कुणी? हजेरी असते ती. मी वर्गात हजेरी घ्यायचे तेव्हा एकाने ‘हजर’ म्हटल्याने वर्ग भरायचा नाही. पण गैरहजर मुलाला काय येतं आणि काय येत नाही, हे मला वर्षाअखेरपर्यंत कळायचं नाही. आणि खरं सांगते, पुढे पुढे मी विचारायचंही सोडून द्यायचे.

भाचा : हजेरी लावायची ती कुणापुढे? बाप एकीकडे खासदार, मुलगा दुसरीकडून उमेदवार, आणि मुलासमोर जो उभा आहे तो दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मुलाच्याच...

आत्या : शंभर मीटर!

त्याचं वाक्य मी पुरं करतो, मी आता शंभर मीटरच्या बाहेर आहे. मावळते खासदार गजानन कीर्तिकर एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत होते आणि त्यांचे चिरंजीव अमोल कीर्तिकर उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडून मशालीवर उभे होते. समोर जोगेश्वरी पूर्वचे आमदार रवींद्र वायकर. ते त्याच वर्षी मार्चमध्ये ठाकऱ्यांकडून शिंद्यांकडे आले आणि धनुष्यबाणावर लढले. वर्षानुवर्षं डोळे मिटून एका चिन्हावर बटण दाबणाऱ्या घरांमध्येही त्या वेळी डोळे उघडावे लागले. भाच्याला वैताग येणं समजण्यासारखं होतं.

भाचा : ठीक आहे, नावं नाही घेत. पण मग नोटा तरी दाबू दे.

आत्या : दाब की. त्यासाठीही आत जावं लागतं. २०१३च्या आधी ते बटण नव्हतं. कुणालाच मत द्यायचं नसेल तर टेबलावर तसं सांगायला लागायचं, रजिस्टरमध्ये शेरा लिहायचा, त्याखाली सही. सगळ्या एजंटांच्या देखत. माझ्या टेबलावर एकदा एक गृहस्थ आले होते, इस्त्रीचा सदरा, हातात नियमाचा कागद. ‘मला ४९-ओ करायचंय’ म्हणाले. आमच्या केंद्राध्यक्षांना नियम माहीत नव्हता. पाच माणसं त्यांच्याकडे चोरासारखी बघत होती. शेवटी शेरा लिहिला. त्यांचं मत गुप्त राहिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने पुढे नेमकं तेच म्हटलं, की नकारालाही गुप्तता हवी.

भाचा : गुप्तता मिळाली, पण धार नाही. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी निवडून दुसराच येतो. २०२२ला आपल्याच अंधेरी पूर्वेच्या पोटनिवडणुकीत नोटा दुसऱ्या क्रमांकावर होतं. १२,८०६ मतं. झालं काय? काही नाही.

आत्या : काही नाही कसं? दीड वर्षानंतरही तुला आकडा तोंडपाठ आहे.

भाचा : आणि सुरत? यंदा तिथे एकाचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी मागे घेतले आणि मतदानाविनाच खासदार निवडून आला. तिथल्या लोकांना नोटासुद्धा दाबता आलं नाही.

आत्या : बघ, म्हणजे रांग नसली की तुला तीही खटकते.

यावर तो गप्प बसला. पटलं म्हणून नाही. पुढे मावशी मागे वळल्या होत्या.

मावशी : दादा, तुमचं नाव यादीत हाय ना?

भाचा : आहे ना, मावशी.

मावशी : मंग भांडताय कशाला? माझं मागल्या टायमाला नव्हतं.

भाचा : नव्हतं म्हणजे?

मावशी : नव्हतं म्हणजे नव्हतं. हितंच आले, ह्याच शाळेत. कार्ड हातात, यादीत नाव न्हाई. त्यो साहेब म्हणला, तुम्ही राहात न्हाई तिथं. म्हणलं, मी न्हाई राहात तर कोण राहतंय? म्हणला, घराला कुलूप व्हतं, चौकशीला माणूस आलावता. आता सकाळी सातपासून मी तुमच्या बिल्डिंगीत. कुलूप न्हाई लावायचं तर काय दार उघडं टाकायचं?

आत्या : मग नवीन फॉर्म भरलास का?

मावशी : भरला तर! दोनदा. मत चुकलं की नाव उडतं, म्हणून आता कायबी होवो, यायचंच.

आत्या : अगं, मत दिलं नाही म्हणून नाव उडत नाही. माणूस वारला, जागा सोडून गेला, नाव दोनदा आलं, तरच काढतात.

मावशी : तुमचं न्हाई उडत, बाई.

नियम आत्याने सांगितला तोच आहे. पण नियम जाणणारी आत्या आणि कुलपामुळे बेपत्ता ठरलेल्या मावशी यांच्यात मी मावशींच्या बाजूने साक्ष देईन. यादी तपासणारा माणूस कामाच्या वेळेत दारोदार जातो आणि दोघं कमावती असलेल्या झोपडीला त्या वेळेत हमखास कुलूप असतं. आमच्या बिल्डिंगमध्ये वॉचमन सांगतो, ‘हो साहेब, तिसऱ्या मजल्यावर राहतात.’ टेकडीवर वॉचमन नाही.

भाचा : पण मावशी, एवढी धावपळ कशासाठी? एका मताने काय होतं?

मावशी : मताचं ऱ्हाऊ द्या. ९५ची यादी ठावं हाय का तुम्हाला?

त्याला ठाऊक नव्हती. मुंबईत वाढलेल्या, चांगल्या शिकलेल्या कितीतरी माणसांना ठाऊक नसते. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत फुकट घर कुणाला द्यायचं, हे ठरवायला सरकारने तारीख धरली १ जानेवारी १९९५. त्या दिवशी तुम्ही तिथे राहत होता, हे तुम्ही सिद्ध करायचं. ज्या वस्तीत भाडेपावती नाही, करारनामा नाही, तिथे सिद्ध करणार कशाने? तर मतदार यादीने. पुढे तारीख १ जानेवारी २००० पर्यंत सरकली, पण टेकडीवरच्या बोलण्यात अजून ‘९५ची यादी’च येते. तिच्यावरून पात्र ठरायचं की अपात्र. पात्रांची नावं ज्या कागदावर येतात त्याला सरकारी भाषेत परिशिष्ट दोन म्हणतात, वस्तीत त्याला ‘ॲनेक्शर’ म्हणतात. तो शब्द निरक्षर बाईलाही येतो.

मावशी : आम्ही माणातनं आलो, दुष्काळात. नवरा कधी हितं, कधी गावाला. रेशनकार्ड पावसात भिजून लगदा झालं. लाइट मीटर दुसऱ्याच्या नावाचा. सर्व्हेवाला म्हणला, ९५चं काय हाय तुमच्याकडं? काय न्हाई. मग शेजारचा पोरगा म्हणला, यादीत बघू. यादीत माझं नाव. नवऱ्याचं न्हाई, माझं. त्या साली आमच्या गल्लीतल्या बायकांनी मिळून नाव लावलं व्हतं, एक कार्यकर्ती बाई यायची तिच्या मागं लागून. त्या एका कागदावर मी पात्र झाले. झेरॉक्स हाय अजून, पिशवीत.

भाचा : घर मिळालं?

मावशी : कुठलं! बिल्डर पळाला. पण पात्र हाय.

भाचा : मग मावशी, राग नका मानू, पण तुम्हाला मत नकोय, कागद हवाय. ही लोकशाही नाही झाली, रेशनिंग झालं.

मावशी : कागद कशामुळं मिळतो मग? पाण्याची लाइन आमच्या गल्लीत आली न् वरच्या गल्लीत न्हाई, का? आमच्याकडं यादीत चारशे नावं हायती, न् ती सगळी मतं टाकतात. वरची लोकं नवी, त्यांची नावं गावाला. कोण जातंय त्यांच्याकडं? दादा, तुम्ही एकट्याचं मत मोजता. आम्ही गल्लीचं मोजतो.

भाचा : यालाच व्होट बँक म्हणतात.

आत्या : आपली सोसायटी पाण्याचा दाब कमी झाला म्हणून बावीस सह्यांचा अर्ज देते, तिला काय म्हणतात?

भाचा : तो अर्ज असतो.

आत्या : आणि तो वाचतात का?

भाच्याने उत्तर दिलं नाही, पण मला वाटतं त्याच्या गणितात जे गृहीत होतं ते इथे उघडं पडलं. त्याने स्वतःला सतरा लाखांतला एक धरलं होतं. मावशी स्वतःला चारशेतली एक धरत होत्या, आणि चारशेतला एक हा आकडा दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही. ज्याच्या नळाला पाणी आपसूक येतं, त्याला मत म्हणजे मतप्रदर्शन वाटतं, मग एकट्याच्या मतप्रदर्शनाने काय होणार, हा प्रश्न ओघानेच येतो. भाच्याची बाजूही मी सोडणार नाही. गल्लीचं मत एकगठ्ठा मोजलं जातं तेव्हा गल्लीतल्या एखाद्या बाईला वेगळं मत असलं तर तिचं काय, हे त्याने विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मावशींनी सांगितलं असतं, असं वाटतं.

आत्या मग पहिल्या निवडणुकीवर आली. तिची ही आवडती गोष्ट आहे. पण त्या दिवशी ती सांगण्याला कारण होतं.

आत्या : मावशीच्या नावावरून आठवलं. पहिली निवडणूक १९५१-५२ची. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. याद्या करायला माणसं घरोघर गेली तर उत्तरेकडच्या कितीतरी बायका नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. सेन म्हणाले, असं चालणार नाही, मतदाराला स्वतःचं नाव पाहिजे. मुदत दिली, तरी नाही सांगितलं. शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढली.

भाचा : २८ लाख? हा तर अन्यायच झाला.

आत्या : मलाही आधी तसंच वाटायचं. पण विचार कर, अमक्याची बायको म्हणून नाव लागलं असतं तर नवरा मेल्यावर ती कोण? सेनांनी नावं काढली, पण पुढच्या खेपेला त्याच बायकांना नाव सांगावं लागलं.

मावशी : माझ्या सासूचं नाव मला ती मेल्यावर कळलं. दाखल्यावर.

फाटकाशी पोचलो आणि पोलिसाने भाच्याच्या खिशावर बोट ठेवलं. मोबाइल आत नेता येत नाही. त्या दिवशी कितीतरी जण याच एका कारणाने परत गेले, कारण फोन ठेवायचा कुठे याची व्यवस्था नव्हती. भाच्याचं ओळखपत्रही फोनमध्येच होतं. पण आत्याने त्याचं मतदार कार्ड सकाळीच आपल्या पर्समध्ये टाकलेलं होतं. असं काहीतरी होणार, हे तिला माहीत होतं.

मावशी : त्यो बघा माझा पोरगा. त्याच्याकडं द्या.

फाटकाबाहेर एक सतरा वर्षांचा मुलगा कापडी पिशवी घेऊन उभा होता. पिशवीत लोकांचे फोन. प्रत्येक फोनला एक आकडा चिकटवलेला आणि तोच आकडा पेनाने मालकाच्या तळहातावर लिहिलेला. फोनमागे दहा रुपये. भाचा पिशवीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या फोनची किंमत त्या मुलाच्या घरच्या कित्येक महिन्यांच्या मिळकतीइतकी असावी, आणि तो काय विचार करतोय हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मावशींनाही.

मुलगा : देताय का? मागे लाइन आहे.

भाच्याने फोन दिला.

भाचा (आत जाताना, मला) : मत द्यायला पैसे मिळतात असं ऐकलं होतं. मी पहिलाच असेन ज्याने दिले.

आतलं मी सांगत नाही. उमेदवार वीसच्या वर, त्यामुळे यंत्रं दोन जोडलेली होती, एवढं सांगायला हरकत नाही. तो बाहेर आला तेव्हा डाव्या तर्जनीवर शाई होती. १९६२पासून ती म्हैसूरच्या एकाच कारखान्यातून येते. फोन त्याला परत मिळाला, आणि तोही चार्ज करून. मुलाने पॉवर बँक आणली होती. त्याचे दहा रुपये वेगळे.

४ जूनला आत्याच्या घरी टीव्हीसमोर वाद पुढे चालू झाला. आमचाच मतदारसंघ देशभराच्या बातम्यांमध्ये आला होता. गोरेगावच्या नेस्कोत मोजणी. कधी अमोल कीर्तिकर पुढे, कधी वायकर. शेवटी वायकरांना ४,५२,६४४ आणि कीर्तिकरांना ४,५२,५९६. फरक ४८ मतांचा. देशातला सगळ्यात लहान.

आत्या : बोल आता. शून्याच्या जवळ म्हणत होतास.

भाचा : अजूनही म्हणतो. फरक ४८चा आहे, एकचा नाही. मी एकटा गेलो नसतो किंवा दुप्पट गेलो असतो तरी निकाल हाच.

आत्या : यंत्रांवरच्या मोजणीत किती फरक होता ते ऐकलंस? कीर्तिकर एका मताने पुढे होते. एका!

भाचा : आणि तो एक टपाली मतांनी खाल्ला. टपालीत वायकर ४९ने पुढे गेले.

आत्या : टपाली म्हणजे कोण? सैन्यातली माणसं, घरून मत देणारे पंच्याऐंशीच्या वरचे म्हातारे, आणि आमच्यासारखे ड्युटीवाले. आमच्या खुर्चीतून आम्ही दिवसभर लोकांची मतं सांभाळायची आणि आपलं मत पाकिटातून द्यायचं. त्याच पाकिटांनी निकाल लावला.

भाचा : आणि त्यातलीच शंभरावर पाकिटं बाद झाली. फरकापेक्षा जास्त.

आत्या (जरा गप्प राहून) : घोषणापत्रावर सही राहते. साक्षांकन राहतं. दुसऱ्यांचे फॉर्म तपासून तपासून डोळे गेलेले असतात, आपला भरताना घाई होते. फरक बाद मतांपेक्षा कमी असला की ती पुन्हा तपासायची, असा नियम आहे.

ती तपासलीही. वाद मिटला नाही, कोर्टात गेला, आणि डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कीर्तिकरांची याचिका फेटाळली. पण त्या संध्याकाळी हे सगळं पुढे होतं. त्या संध्याकाळी आत्याला जिंकायचं होतं.

आत्या : ४८ माणसं लोणावळ्याला गेली नसती तर?

भाचा : लोणावळ्याला दोन्हीकडची गेली असणार. आत्या, मत न दिलेले साडेसात लाखांवर आहेत. नोटाला पंधरा हजारांवर मतं पडलीत. त्यातले नेमके कुठले ४८ धरायचे? हा आकडा बघून उद्या सगळे म्हणतील, बघा, प्रत्येक मत मोलाचं. मग ज्या मतदारसंघात चार लाखांनी निकाल लागला तिथे मतं फुकटची होती का? तू ४८ दाखवून मला पटवलंस तर तिथल्या माणसाला काय दाखवशील?

मला वाटतं हा त्या दोन्ही दिवसांतला सगळ्यात चांगला प्रश्न होता, आणि तो भाच्याने स्वतःच्या बाजूने विचारला असला तरी उपयोगी पडला आत्याच्या. आत्यालाही ते कळलं असावं. तिने ४८चा नाद सोडला.

आत्या : मग मावशीचं म्हणणं धरू. गल्लीचं. तिथे फरक कितीचाही असो, मतं मोजली जातात.

भाचा : त्याच्याशी माझं भांडण नाही. पण आपल्या बिल्डिंगला गल्ली व्हायला जमत नाही त्याचं काय? बावीस फ्लॅट, मत द्यायला गेले किती?

ते आत्याला माहीत होतं. तिने आकडा सांगितला नाही. मग तिने विचारलं, तू कुणाला दिलंस, आणि त्याने मतदान गुप्त असतं असं तिलाच ऐकवलं. तेवढ्यात मावशी संध्याकाळच्या भांड्यांना आल्या. सोबत पिशवीवाला मुलगा.

मावशी : दादा, ह्याचं नाव लावायचंय. ह्या महिन्यात अठरा लागतंय. जानेवारीची वाट बघायला सांगतात.

भाचा : बघू दे. (फोनवर) नाही मावशी, आता वर्षातून चार तारखा आहेत. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. जूनमध्ये अठरा झाला तर १ जुलैला बसतो. विधानसभेला मत देईल. फॉर्म सहा.

मुलगा : मला कार्ड पाहिजे. डिलिव्हरीच्या कामाला लागतं.

आत्या : मत?

मुलगा : ते बघू. उभा तर राहिलोच ना त्या दिवशी दिवसभर, मत नसताना.

भाचा : नातेवाईकाचं नाव विचारलंय. वडिलांचं टाकू?

मावशी : त्याच्या बापाचं नाव गावच्या यादीत हाय. हितं माझंच हाय. माझं टाका.

भाचा : पत्त्याचा पुरावा?

मावशींनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ९५च्या यादीचा झेरॉक्स काढला.

भाचा : हा नाही चालणार मावशी, लाइट बिल द्या. आणि तुझा फोटो हा काय आहे? गॉगल घालून? काढ तो आणि त्या भिंतीपाशी उभा राहा. पांढरी पाहिजे मागे. आत्या, कॅलेंडर काढ गं जरा.